झाड म्हणजे झाड

मी वारले हे मला सकाळी चहा पिताना कळलं.

फोन वाजला म्हणून उचलला, तर पलीकडे एक बाई हुंदके देत होती. "हॅलो, बाईंच्या घरून कोण बोलतंय?"

"बाईच बोलतायत."

"कोणत्या बाई?"

"या घरात बाई मीच एक. तुम्हाला कोणत्या हव्यात?"

पलीकडून फोन बंद. असेल कोणी चक्रम, म्हणून मी बिस्कीट चहात बुडवलं. तेवढ्यात पुन्हा फोन. या खेपेला पुरुषाचा आवाज. "ताई, धीर धरा. बाई झोपेतच गेल्या का हो?"

"मला तरी कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं आणि फोन आपटला. बिस्कीट विरघळून कपाच्या तळाशी गेलं होतं. माझं टाळकं सटकलं.

लेक न्हाणीघरातून डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. तिच्या हातात तिचा मोबाइल होता आणि चेहरा पांढराफटक.

"आई, तू गेलीस."

"कुठे?"

"गेलीस म्हणजे... वारलीस. कॉलेजच्या ग्रुपवर आलंय."

मी जन्मभर कॉलेजात साहित्य शिकवलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा हा ग्रुप. लेकीने मोबाइल माझ्यासमोर धरला. पहाटेच कॉलेजच्या माळीबुवांनी लिहिलं होतं, 'आपलं मोठं झाड कोसळलं. फार वाईट झालं.' बास, एवढंच. आणि त्याखाली रडारड! 'सावली हरपली.' 'एका पर्वाचा अस्त.' 'बाई, तुमच्याविना आम्ही पोरके.' मेणबत्त्या काय, कोमेजलेली फुलं काय! शेवटी प्राचार्यांचा निरोप, 'आज चार वाजता सभागृहात बाईंची शोकसभा.'

मी कपाळावर हात मारला. कॉलेजच्या अंगणात एक झाड आहे. त्याला सगळे मोठं झाड म्हणतात, कारण ते मोठं आहे. रात्री वादळ झालं होतं, आमच्याही गच्चीवरचे पत्रे वाजत होते. पण इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बुवा, कुठलं झाड? साहित्याची माणसं ना! यांच्या पुस्तकांत झाड कधी झाड नसतंच. ते कोणाचा तरी बाप असतं, नाहीतर गुरू असतं, नाहीतर देश. आणि ते पडलं की कोणीतरी मेलं म्हणून समजायचं. आणि या ग्रुपात सगळ्यात जुनी मीच.

मी माळीबुवांना फोन लावला. ते ग्रुपवर कसे, तर झाडाखाली आमचं कवितावाचन असलं की सतरंजी तेच घालायचे, म्हणून कोणीतरी त्यांना घेतलं होतं.

"बाई!" ते म्हणाले, "बघितलंत ना? लोकांना किती माया हो झाडाची! सभासुद्धा ठेवली. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"माळीबुवा, ती सभा माझी आहे. मी मेलेय."

"अरे देवा," ते म्हणाले.

"ते राहू दे. झाड कसं पडलंय?"

"आडवं झालंय बाई. अर्धी मुळं वर आलीत, अर्धी अजून खालीच आहेत. पण आता काय उपयोग? करवतवाले येणार आहेत संध्याकाळी. प्राचार्य सर म्हणाले, सभा संपली की लगेच तोडून न्या, गाड्या लावायला जागा होईल."

स्वतःच्या मरणाची बातमी मी चहासोबत पचवली होती, ही पचेना.

आमचे हे त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आमची ओळख झाली ती त्या झाडाखाली, आणि तीही भांडणातून. मी वर्गाला एक कविता समजावून सांगत होते, झाड कोसळतं अशी. हे मागून जाताना थांबले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुमच्या कवितेतलं झाड पडलं की कडवं संपायच्या आत मरतं. खऱ्या झाडाला एवढी घाई नसते, बाई." मला असा राग आला की मी सरळ भांडायलाच गेले. ते भांडण आम्ही पुढे संसारभर पुरवलं. हे सांगायचे, रानात पडलेलं झाड कोणी उचलत नाही. चार मुळं जरी मातीत राहिली तरी ते आडव्याने वाढतं. आणि मेलं तरी रिकामं बसत नाही, त्याच्या अंगावर शेवाळ चढतं, भुंगेरे राहायला येतात, त्याच्यातच नवी रोपं धरतात. हे गेले तेव्हाही त्याच सभागृहात सभा झाली, आणि 'वटवृक्ष कोसळला' असं कोणीतरी म्हणालंच. त्या दिवशी माझ्यात उठून बोलायची ताकद नव्हती.

आज होती.

"थांब, मी ग्रुपवर लिहून टाकते," लेक म्हणाली. "लोक उगाच रडतायत."

"खबरदार लिहिलंस तर!"

"आई, अगं लोक फोन करतायत. काय सांगू त्यांना?"

"सांग, आईबद्दल काय ते चार वाजता सभागृहात बोलू. खोटं आहे का यात काही?"

"तुझं डोकंबिकं फिरलंय का?"

"झाडासाठी कोणी येणार नाही. मेलेल्या बाईसाठी सगळे येतील. मला सगळे हवेत."

लेक कपाटाकडे गेली आणि तिने विचारलं, "कोणती साडी नेसतेस स्वतःच्या शोकसभेला?" अखेर मुलगी कोणाची!

मी लाल नेसले.

कॉलेजात आम्ही मागच्या फाटकाने शिरलो. माळीबुवांनी मला पाहिलं आणि आधी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "हात लावून बघा हवं तर," मी म्हटलं. ते ओशाळून हसले.

झाड अंगणभर पडलं होतं. शेंडा पार ग्रंथालयाच्या पायरीला टेकला होता. मी त्याला कायम खालूनच बघितलेलं, आता त्याच्या वरच्या फांद्या माझ्या कमरेच्या उंचीवर होत्या, आणि त्यांत एक रिकामं घरटं. एका बाजूची मुळं मातीसकट हवेत उचलली गेली होती. दुसऱ्या बाजूची जमिनीत तशीच होती, घट्ट.

मी पर्समधून घराची किल्ली काढली आणि एका फांदीची साल खरवडली. हे असंच करायचे, तेही किल्लीनेच. वाळकी तपकिरी साल गेली आणि आत हिरवंगार निघालं. ओलं. बोटाला चिकटलं.

मला रडू कोसळलं. लेकीने पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं मी बाबांच्या आठवणीने रडतेय. होतंच ते. पण निम्मा संतापही होता. जिवंत आहे हो, जिवंत, आणि तिकडे आत याचा विचारसुद्धा नाही!

सभागृह खचाखच भरलं होतं. आम्ही मागच्या रांगेत खांबाआड बसलो. व्यासपीठावर माझा फोटो, कुठल्यातरी बक्षीस समारंभातला, तोंड अर्धवट उघडं असलेला. शेजारी फुलांचं भलंमोठं चक्र. आणि बोलायला उभे प्राचार्य. प्राचार्य म्हणजे माझाच विद्यार्थी. साध्या निबंधातही उपमेशिवाय पाणी पीत नसे, म्हणून वर्गात मी त्याचं नाव अलंकार ठेवलं होतं. पोरगा वाईट नव्हता. फक्त बोलायला लागला की शब्द पुढे आणि तो मागे.

"आज आपला वटवृक्ष कोसळला," अलंकार म्हणाला. "मुळासकट उन्मळून पडला. आता उरली आहे ती फक्त उघडी, भकास जमीन."

'त्या भकास जमिनीवर तू गाड्या लावणार आहेस,' मी मनात म्हटलं. पडलेलं झाड डोळ्यांनी बघूनही त्याला त्या निरोपाची शंका आली नव्हती.

"बाईंनी आपल्यासाठी किती केलं! आणि आपण? आपण त्यांच्यासाठी काय केलं?" त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, ते मी नाकारत नाही. "मित्रहो, बाईंचा अजून एक दिवस, फक्त एक दिवस जरी आपल्याला मिळाला असता ना, तर त्या म्हणाल्या असत्या ते मी डोळे झाकून केलं असतं!"

टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोक नुसते नाक ओढत होते. सगळे मौनाला उभे राहिले. मीही उभी राहिले. आणि त्या शांततेत म्हणाले, "अलंकार, खाली बस."

वर्गात म्हणायचे तशाच आवाजात. तो बसलासुद्धा! मग त्याच्या लक्षात आलं कोण बोललं ते, आणि तो पुन्हा उभा राहिला. कोणीतरी किंचाळलं. कोणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली पडून गडगडत पुढे गेली. मधली वाट मोकळी होती, त्या वाटेने मी लाल साडीत चालत व्यासपीठाशी गेले.

"घाबरू नका. मी भूतबीत नाही, माझे गुडघे दुखतायत," मी म्हटलं. "मोबाइल काढा. सकाळचा निरोप काढा. तू, चष्मेवाली, मोठ्याने वाच."

चष्मेवालीने वाचलं, "आपलं मोठं झाड कोसळलं. फार वाईट झालं."

"यात झाड म्हणजे काय?"

परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखे सगळे पायांकडे बघत होते.

"आधार?" एकजण पुटपुटला.

"चूक."

"परंपरा?"

"चूक!"

मागे दाराशी माळीबुवा उभे होते. त्यांना राहवेना, पण मी बोटाने त्यांना गप्प केलं. हे यांनीच सांगायला हवं होतं. शेवटी चष्मेवालीच खिडकीकडे वळली, बाहेर बघितलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई... झाड म्हणजे झाड."

"शाब्बास! चला बाहेर."

बाहेर करवतवाले आले होते. तिघे होते, यंत्र खाली ठेवून हातमोजे घालत होते. मी सरळ जाऊन खोडावर बसले. उंच होतं, लेकीने ढकलून चढवलं, शोभा झाली जरा, पण बसले.

अलंकार धावत आला. घामाघूम. "बाई, तुम्ही आहात, याचा आनंद मी शब्दांत..."

"शब्दांत नकोच."

"पण बाई, हे झाड पडलंय हो. गेलं ते."

"मीसुद्धा गेले होते की आत्तापर्यंत. फोटोसकट! तू खात्री करून घेतली होतीस का?"

तो रुमालाने कपाळ पुसायला लागला.

"किल्ली आहे ना खिशात? काढ. खरवड ती साल."

गाडीच्या किल्लीने त्याने साल खरवडली. हिरवं दिसलं तसा त्याचा हात थांबला. मागून चष्मेवालीने आपली किल्ली काढली, मग तिच्या शेजारच्याने. "अरे, इथेपण हिरवं आहे!" "बाई, इथे बघा!" सभेत रडून आलेली मोठमोठी माणसं फांद्यांत शिरून नखं घासत होती.

"बाई, भावना समजतात मला," अलंकार आवाज खाली आणून म्हणाला. "पण अंगणात असं आडवं झाड? येणारी-जाणारी माणसं काय म्हणतील? आणि जगेल याची काय खात्री?"

"काही खात्री नाही. तुझी आहे? माझी आहे? उद्या मरेल कदाचित. मेलं तर इथेच मरू दे, त्याच्या वेळेने. मग त्याच्यावर शेवाळ येईल, किडे येतील, ते बघायला वनस्पतिशास्त्राचा वर्ग इथे बसेल. पण जिवंत असताना त्याचे तुकडे करायचे तर आधी मला इथून उचला."

करवतवाल्यांतला मोठा म्हणाला, "साहेब, काय ते ठरवा. आजींना मी हात लावणार नाही."

अलंकार काहीतरी बोलायला गेला. मी त्याला बोलू दिलं नाही.

"आत्ता आत काय म्हणालास तू? बाईंचा एक दिवस मिळाला असता तर?"

त्याचा चेहरा पडला.

"सगळ्यांनी ऐकलंय. म्हण ना."

"...त्या म्हणाल्या असत्या ते मी डोळे झाकून केलं असतं."

"मिळाला तुला दिवस. हा घे. डोळे उघडे ठेवूनच कर."

अंगणात कोणी हसलं नाही. अलंकार त्या हिरव्या ओरखड्याकडे बघत होता. मला वाटलं हा आता पुन्हा वटवृक्षाचं काढणार. पण त्याने फक्त कोट काढला आणि माळीबुवांना विचारलं, "फावडी किती आहेत आपल्याकडे?"

फावडी कमी पडली. लोकांनी घमेल्यांनी, कचऱ्याच्या डब्यांनी, कोणी तर हातांनी माती आणून उघड्या मुळांवर टाकली. करवतवाल्यांनी फक्त मोडक्या, लोंबणाऱ्या फांद्या कापल्या आणि खोडाखाली दोन ओंडके टेकू म्हणून दिले. माझ्या शोकसभेचं फुलांचं चक्रही त्याच मातीत गेलं, मीच टाकायला लावलं. खत होईल.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, खरंच गेलीस ना कधी, तर मी काय लिहू?"

"लिही, 'आई मेली.'"

"एवढंच?"

"एवढंच. झाडबीड लिहिलंस तर उठून येईन."

ती हसता हसता रडायला लागली, आणि मी किल्लीच्या दातांत अडकलेलं हिरवं नखाने काढायला गेले, पण काढलं नाही. राहू दिलं.