माझा पोचा काढू नका

मित्रांनो, मी एक जुनी घडीची लोखंडी खुर्ची आहे. माझ्या पाठीला मोठा पोचा आहे, डावा पाय करकरतो आणि मूळ रंग कोणता होता ते शोधावे लागते. हे वाचून कुणी 'अरेरे' म्हणणार असेल तर जरा थांबा. मला कीव नको. मी जे पाहिले ते दिवाणखान्यातल्या गादीवाल्या खुर्च्यांच्या नशिबी नसते.

पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या गावात, तिथल्याच कारखान्याच्या पोलादातून मी घडले. माझी नेमणूक झाली ती बंबखान्यामागच्या हॉलमध्ये. लग्ने, मयतीनंतरची जेवणे, शुक्रवारचे तळलेले मासे, सगळ्याला मी हजर असे. मग नॉर्बर्ट नावाच्या गृहस्थाने तिथे दर महिन्याला कुस्त्या भरवायला सुरुवात केली. मी पहिल्या रांगेत. माझ्यावर मिसेस हुडाक बसत. हँडबॅग अडकवून त्या माझ्यावर हक्क सांगत, आणि तो हक्क मोडायची कुणाची छाती नव्हती.

तिथेच मी लेनी कोपचॅकला पहिल्यांदा पाहिले. तेव्हा तो 'गुलाबी बिली' होता. गुलाबी चड्डी, कुरळे केस, प्रेक्षकांना गुलाब वाटत यायचा. भट्टीवर राबणारी माणसे ती! मागून कुणीतरी ओरडले, "कुठल्या मयतीवरून उरलीत रे फुलं?" बिली त्या दिवशी संपला.

पुढच्या वर्षी तो दाढी वाढवून 'सायबेरियाचे अस्वल' होऊन आला. त्याला रशियन कुठे येत होते? आजीने पूर्व युरोपातून आणलेली जुनी बोली मात्र येत होती. तो दोरांवर चढून प्रेक्षकांवर गरजला. लोकांना वाटले, आपल्या आयाबहिणींचा उद्धार करतोय. ते चवताळून उठले. मिसेस हुडाकांच्या घरी तीच बोली. त्या एकट्यांनाच कळत होते की तो म्हणतोय, "दोन वाट्या मैदा! चार बटाटे उकडा! कांदा लोण्यात लाल करा!"

त्या उभ्या राहिल्या आणि त्याच बोलीत ओरडल्या, "आणि मीठ काय तुझा बाप घालणार?"

अस्वलाने तोंड फिरवले. त्याचे खांदे हसून हलत होते. पण मिसेस हुडाकांनी हे गुपित गावात कुणालाही सांगितले नाही. पुढच्या वेळी त्यांनी त्याच कृतीच्या पिरोग्या, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, डब्यात घालून आणल्या आणि अस्वलाच्या अंगावर भिरकावल्यासारखे करून डबा रिंगमध्ये ठेवला.

मग कारखाना बंद पडला. हॉलमध्ये महिनाभर कुणी मोठ्याने बोलत नव्हते. पुढच्या कुस्तीला दिवे गेले आणि परत आले तेव्हा दारात एक माणूस उभा होता. तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा, हातात बापाचा जेवणाचा डबा. नाव पुकारले गेले, 'रात्रपाळी'. आत लेनीच होता, त्यानेही त्याच भट्टीवर काम केलेले. सगळा हॉल उभा राहिला. मला आठवते, कारण माझ्यावरून मिसेस हुडाकही उठल्या.

त्याच्याविरुद्ध आला 'घरमालक'. काळा सूट, किल्ल्यांचा जुडगा, आणि येताच "घर रिकामं करा!" हा खरा तर मोझेस टिल्मन, शेजारच्या गावचा बसचालक, स्वभावाने गाईसारखा. गाव त्याला शिव्या घालायचे आणि तो आनंदाने झेलायचा.

या दोघांच्या कुस्त्या साध्या नसत. जमिनीवर टाचण्या, फळ्यांना काटेरी तार, आणि शेवटी मी. मोझेस मिसेस हुडाकांसमोर हात पसरायचा. "खुर्ची द्या." त्या उठून मला घडी घालून द्यायच्या. "घे, पण परत आण. मागच्या वेळी च्युइंगम लावून आणलीस." मग तो माझी सपाट बाजू लेनीच्या पाठीवर हाणायचा. कडेने कधीच नाही. कडेने मारले की माणूस कापतो, सपाट मारले की आवाज होतो. माझा पोचा तसाच घडला, एकाच पाठीवर, वर्षानुवर्षे.

लोक म्हणतात, हे सगळे खोटे असते. कोण जिंकणार ते आधी ठरते, हे खरे. पण पाठ काय उसनी आणतात? ज्याला खोटे वाटते त्याने माझ्या पोच्यावर हात फिरवून बघावा.

नायक आणि खलनायक यांनी लोकांसमोर एकमेकांशी बोलायचे नाही, हा त्यांच्या धंद्याचा कडक नियम. म्हणून ते दोघे आम्हा खुर्च्यांच्या अडगळीच्या खोलीत भेटायचे, पालथ्या बादल्यांवर बसून पिरोग्या खायचे. लेनी माझ्यावर कधी बसला नाही. म्हणायचा, "हिला बघितलं तरी पाठ ठणकते."

लेनीच्या शेवटच्या कुस्तीआधी त्याची बायको वांडा त्या अडगळीत आली. तिने मोझेससमोरच विषय काढला.

"सांग त्याला, मागच्या महिन्यात तू मला काय विचारलंस."

लेनीने डब्यातून आणखी एक पिरोगी उचलली.

"आपली गाडी कोणती, असं विचारलं यानं. गाडीला टेकून उभा होता, मोझेस. डॉक्टर म्हणाले, डोक्याला आता एकही फटका नको. यानं शब्द दिलाय मला."

"पाठीवर मारीन, वहिनी," मोझेस म्हणाला.

ती गेली आणि नॉर्बर्ट आला. "शेवटचा खेळ आहे, लेनी. हॉल भरलाय. लोकांना डोक्यातला फटका बघायचाय. एकच."

"देऊ की," लेनी म्हणाला.

नॉर्बर्ट बाहेर पडल्यावर मोझेसने बादलीला लाथ मारली. "वांडाला काय सांगशील?"

"कारखाना बुडाला तेव्हा हेच लोक माझ्यासाठी उभे राहिले. त्यांच्यासमोर मी अंग चोरू? तू जोरात मार. हळू मारलंस तर त्यांना कळेल."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते.

कुस्ती झाली. टाचण्या झाल्या, तार झाली. मोझेसने मिसेस हुडाकांकडून मला घेतले. हॉल पाय आपटत होता, "डोक्यात! डोक्यात!" आणि सांगताना मला वाईट वाटते, मिसेस हुडाकांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. लेनी गुडघ्यांवर बसला. त्याने मुखवटा काढून बाजूला ठेवला आणि मान ताठ केली. मुखवटा चढवल्यापासून इतक्या वर्षांत त्या गावाने त्याचे उघडे, पांढऱ्या खुंटांचे तोंड पाहिलेच नव्हते.

मोझेसने मला डोक्यावर उचलले. त्याची बोटे घामाने ओली होती. मग त्याने मला खाली आणले, घडी उघडली आणि रिंगच्या मधोमध ठेवले.

"बस, लेनी."

रिंगमध्ये खरे नाव! हॉल शिव्यांनी फुटला. नॉर्बर्ट कडेने हात नाचवत होता.

"मार," लेनी दातांतून म्हणाला. "चारचौघांत माझं नाक कापू नकोस."

"मी घरमालक आहे. कुणाला कुठे बसवायचं ते मी बघीन."

लेनी गुडघ्यांवरून उठला. तो बसला नसता. पण पहिल्या रांगेत मिसेस हुडाक उभ्या होत्या, त्यांना बसायला जागाच नव्हती. त्या त्याचे तोंड बघत राहिल्या आणि मग जुन्या बोलीत म्हणाल्या, "बस रे बाळा. खुर्ची माझी आहे, मी सांगते, बस."

तो बसला. माझा डावा पाय करकरला, पण मी हलले नाही. मोझेस त्याच्यासमोर उताणा पडला आणि स्वतःच लेनीचा बूट उचलून आपल्या छातीवर ठेवला. पंच गोंधळून मोजू लागला; तीन म्हणेपर्यंत पाठ टेकलेली राहिली की हार. दोन म्हणेपर्यंत हॉल त्याच्याबरोबर मोजत होता. बसून जिंकलेली कुस्ती तुम्ही कधी पाहिली आहे? मी तीत होते.

नॉर्बर्टने त्या दोघांना पुन्हा कधी बोलावले नाही. दोघे आता भर बाजारात एका टेबलावर जेवतात. मिसेस हुडाकांनी हॉलवाल्यांशी भांडून मला लेनीच्या अंगणात पोहोचवले. तो कधी कधी विसरतो. मोझेसला "भाडं पुढच्या महिन्यात" म्हणतो, वांडाला गुलाब देतो. माझ्यावर बसायचे मात्र विसरत नाही.

परवा शेजारी हातोडा घेऊन आला. "लेनी, या खुर्चीचा पोचा काढून देतो. टेकताना टोचत असेल."

"हात लावू नकोस," लेनी म्हणाला आणि मागे टेकला.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर पायाला दोन थेंब तेल द्या, हिमात बाहेर ठेवू नका. पण हा पोचा ठोकून सरळ करू नका. तो लेनीच्याच पाठीने पाडलेला आहे, आणि ती पाठ त्यात अगदी बरोबर बसते.