चोवीस तासांचा कॅन

लेकाचं वागणं तिला मुळीच पसंत नव्हतं. आईला फोन करायचा तो गाडी चालवताना, आणि मधूनच पुढच्या गाडीवाल्याला शिव्या हासडायच्या! आपल्याशी बोलायला याला सिग्नल लाल व्हावा लागतो, असं ती भिंतीला सांगायची. ऐकायला दुसरं होतं कोण?

तीस वर्षं तिनं लाँड्री चालवली. वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहिलं की लघवीला जायची सवड नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. दुकान गेलं, खोड राहिली. शिवाय एकटीसाठी पाण्याचा जग भरायचा तरी कशाला? तीन पेले झाले तरी दिवस निघायचा. दोनदा मुतखडा झाला, डावं मूत्रपिंड अर्धं थकलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "लघवी दाट झाली की क्षारांचे कण जमतात. मग थरावर थर."

"इस्त्रीच्या टाकीत खार धरतो तसा. आम्ही लिंबू घालून काढायचो."

"जमलेला खडा तसा निघत नाही, आजी. पण लिंबातलं सायट्रेट कणाला चिकटतं, पुढचा थर बसू देत नाही. त्याच्या गोळ्या लागतील का, ते तपासणीत कळेल. चोवीस तासांची लघवी या कॅनमध्ये जमवा. रोजच्यासारखंच वागा हं!"

रोजच्यासारखं? गिऱ्हाइकाच्या हाती डागाचं कापड तिनं जन्मात दिलं नव्हतं. त्या दिवशी ती जगामागून जग पाणी प्यायली.

रिपोर्ट लेकाच्या मोबाईलवर गेला, आणि त्याचा गाडीतूनच फोन आला. "आई, एकदम छान आलाय! गोळ्यासुद्धा नकोत. शनिवारचं तिकडे यायचं तिकीट रद्द केलं मी."

आतल्या खोलीत त्याच्या गादीवर कडक इस्त्रीची चादर घालून ठेवलेली. ती दारात उभी राहून त्या चादरीकडे बघत राहिली. गप्प बसलं तर अब्रू राहील, आणि पोटात तिसरा खडा.

"तो रिपोर्ट खोटा आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मी घागरभर पाणी ढोसलं. एरवी पीत नाही."

"काय? अगं, असं का केलंस?"

"लोकांपुढे घाण कशी द्यायची? उद्या जाऊन दुसरा कॅन आणते."

पलीकडे हॉर्न वाजला.

"बरी आहेस ना पण?" त्यानं विचारलं.

"मी खोटारडी, कबूल. पण एक कागद बरा आला म्हणून तू सुटकेचा निःश्वास टाकलास, तो मला इथवर ऐकू आला. लेक म्हणून कच्चा निघालास, बाळा."