रिकाम्या गाडीची तपासणी

वायरमनला उलट बोललेलं खपायचं नाही. माणूस वाईट नव्हता, अडल्या-नडल्याला धावून जायचा, पण गाडीच्या वायरिंगबद्दल एकदा शब्द तोंडातून बाहेर पडला की ती दगडावरची रेघ. "करंट खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. त्यानं "करंट" म्हटलं की बायको आतून पुढचं पुरं करायची.

त्या सकाळी तो एका गाडीचा हॉर्न उघडून बसला होता आणि नर्सरीचे मामा दारात येऊन उभे राहिले. मामा म्हणजे नर्सरीच्या जुन्या पिकअपचे ड्रायव्हर. खरं तर कुणाचेच मामा नव्हते, पण सगळं गाव मामा म्हणायचं. एकोणीस वर्षं त्यांनी ती पिकअप चालवली होती आणि तीन आठवड्यांपूर्वी मालकीणबाईंनी त्यांच्याकडून चावी काढून घेतली होती.

झालं होतं असं. झाडं पोचवायला जाताना चौकात मामांची गाडी थांबली आणि मागून येणारी स्कूटर थेट तिच्यावर आदळली. स्कूटरवर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा उजवा हात मोडला. "गाडी थांबतेय हे कळलंच नाही हो," एवढंच त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, ब्रेकलाइट लागला नसणार, तो मधूनमधून लागत नाही, मी दोन महिने घसा फोडून सांगतोय. मालकीणबाईंनी गाडी वायरमनकडे पाठवली. त्यानं ब्रेक दाबून पाहिला, तर दोन्ही दिवे लख्ख.

"लाइट ओके आहे, बाई," त्यानं सांगितलं होतं. "गिअरमध्येच गाडी बंद पडली असेल. मामांचा पाय ब्रेकवर गेलाच नसेल. वय झालं आता."

झालं. त्या एका वाक्यावर मामा घरी बसले.

आता ते दारात उभे होते आणि वायरमनला वाटलं, आला हा भांडायला. त्यानं हॉर्नमध्ये डोकं आणखी खुपसलं.

"मी भांडायला नाही आलो," मामा म्हणाले.

"मग?"

"परत एकदा बघता का गाडी?"

"मामा, तीन वेळा बघितली. अपघाताआधी दोनदा, नंतर एकदा. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, दिवा नाही, चष्मा बदला."

"बदलला," मामा म्हणाले.

खरंच नवा चष्मा होता. थट्टेत बोललेलं कुणी असं मनावर घेईल, हे वायरमनच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मामा खोक्यावर बसले. "नोकरी गेली ती गेली, त्याचं एक वेळ सोसेन. पण मला चैन नाही हो. दुपारी खुर्चीत बसतो आणि तो चौक डोळ्यासमोर आणतो. कधी वाटतं, पाय दाबला होता, घट्ट दाबला होता. कधी वाटतं, नसेलही. घरात कुणी काही विचारलं की बायको माझ्या आधी उत्तर देते. नातीला मांडीवर घेतली की सून येऊन उचलून नेते. काही बोलत नाही, पण नेते. माझं डोकं कामातून गेलंय का, एवढं मला कळू द्या. गेलं असेल तर तसं सांगा, मी गप बसेन."

वायरमननं पाना खाली ठेवला. पुन्हा नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. टेस्टर खिशात घातला आणि मामांना मोटरसायकलवर मागे बसवून तो नर्सरीत गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वायरमनच्या गॅरेजच्या भिंतीवर त्याच्याच हातानं लिहिलेलं होतं, 'माल भरलेली गाडी आत आणू नये.' एकदा कुणाच्या तरी टेम्पोतून चिखल गळला होता, तेव्हापासून हा कायदा. त्यामुळे पिकअप त्याच्याकडे यायची ती रिकामी, वर पाण्यानं धुतलेली, जशी काही मुलगी बघायच्या कार्यक्रमाला निघाली आहे. भरलेली पिकअप त्यानं गेल्या कित्येक वर्षांत जवळून पाहिलीच नव्हती.

नर्सरीच्या फाटकाशी ती उभी होती. हौदा कुंड्यांनी भरलेला, मागच्या टोकाला ओल्या मातीची पोती. दोन मजूर आणखी पोती चढवत होते. मालकीणबाई हातात यादी घेऊन मोजत होत्या. मामांना पाहताच त्यांचं तोंड आंबट झालं.

"आता काय राहिलं?"

"शेवटचं बघतो, बाई, मग हा विषय बंद," वायरमन म्हणाला. "जरा गाडी खाली करायला सांगा."

"अर्ध्या तासात गाडी निघायची आहे. खाली करा, परत भरा, एवढा वेळ कुणाला आहे? बघायचं तर अशीच बघा."

मामा आपल्या जुन्या जागेवर चढून बसले. वायरमन मागे जाऊन वाकला. "दाबा!"

दिवा लागला नाही.

"दाबा म्हटलं ना!"

"दाबलाय!" पुढून आवाज आला.

"बल्ब गेला असेल," वायरमन स्वतःशीच पुटपुटला. पण दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच वेळी जातात होय? टेस्टरचं टोक दिव्याच्या मागच्या कनेक्शनला लावायला पोती आड येत होती. त्यानं मजुरांना टोकाची चार पोती उतरवायला लावली. चौथं पोतं जमिनीवर टेकलं आणि दोन्ही दिवे भक्कन पेटले.

वायरमननं पोत्यांकडे पाहिलं, मग दिव्यांकडे. मग हळूच म्हणाला, "पोती परत ठेवा रे."

दोन पोती ठेवली. दिवा मिणमिणला. चौथं ठेवलं. गेला.

"उतरवा."

लागला.

"ठेवा."

"वायरमनभाऊ, व्यायाम करून घेताय का आमच्याकडून?" एक मजूर वैतागला. पण वायरमनचं लक्ष नव्हतं. त्यानं जमिनीवर एक रिकामं पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकला.

जुन्या गाडीची कंबर. मागे वजन पडलं की ती बोटभर वाकते. आणि त्या वाकणाऱ्या चासीवरून मागच्या दिव्यांची वायर गेली होती, ताणलेल्या दोरीसारखी, जराही ढील नाही. मधोमध एक जोड होता, ओढ खाऊन खाऊन आता सैल झालेला. मालाच्या ओढीनं तो आतल्या आत सुटत होता आणि माल उतरला की पुन्हा टेकत होता. नखानं टेप उलगडायला गेला, तर टेपचं टोक आत दुमडून ठेवलेलं सापडलं, पुढच्या माणसाला उघडायला सोपं जावं म्हणून. अशी घडी घालणारा पंचक्रोशीत एकच वायरमन होता.

दोन वर्षांपूर्वी ही वायर जळली होती. नवी टाकताना हातातला तुकडा चार बोटं कमी पडत होता. नव्या रोलमधून कापायची त्याच्या जिवावर आली. ओढून ताणून बसवली, दिवा लागला, गाडी पाठवून दिली. हे सगळं त्याला आठवलं.

दोन महिने मामा सांगत होते. आणि आपण म्हटलं, चष्मा बदला.

गाडीखाली त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. पाच मिनिटांचं काम, वीतभर वायर घालायची की झालं. आणि सांगायचं, उंदरानं कुरतडली. या धंद्यात उंदरासारखा उपकारकर्ता दुसरा नाही. कुणाचीही चूक असो, बिचारा कधी नाही म्हणत नाही. वायरमननं स्वतः आजवर किती वेळा उंदरांवर बिलं फाडली असतील याची गणती नव्हती. शिवाय उंदीर म्हटलं तरी मामा सुटतातच की. मग आपण कशाला फासावर चढायचं?

"काय, उंदीर का?" मालकीणबाईंनी खाली वाकून विचारलं. आयतं ताटच वाढलं म्हणा ना.

"सोडू का ब्रेक?" पुढून मामांनी विचारलं. बिचारे तेव्हापासून दाबूनच बसले होते. सोडा म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

त्या आवाजानं वायरमनला लाज वाटली, सरळ सरळ लाज वाटली. तो बाहेर सरकला. पाठीला माती तशीच चिकटलेली.

"उंदीर नाही, बाई. मी." त्यानं गाडीखाली बोट दाखवलं. "जोड माझा आहे. वायर मी आखूड टाकली होती. गाडी भरली की दिवा जातो, आणि मी दर वेळी रिकामी गाडी तपासली. मामा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते."

मालकीणबाई यादीकडे बघत राहिल्या. मजुरांनी पोती खाली ठेवली.

वायरमन पुढे गेला आणि खिडकीशी उभा राहिला. "मामा, सोडा ब्रेक. तुमचा पाय बरोबर होता. डोकंही शाबूत आहे. चुकलो मी."

मामांनी पाय उचलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. मग चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले, कुणापासून न लपवता.

"एकवीस दिवस," ते म्हणाले. "एकवीस दिवस मला वाटत होतं, मी त्या बाईचा हात मोडला."

मालकीणबाई जवळ आल्या. "मामा, तुमचं ऐकायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "उद्यापासून या. नाही, आजच घेऊन जा गाडी."

"नेतो," मामा म्हणाले. "पण आधी एका ठिकाणी जायचंय." त्यांनी वायरमनकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण माफीही नव्हती त्यात. "वायर जोडा आणि शेजारी बसा."

वायरमननं मोटरसायकलवरून जाऊन गॅरेजमधला नवा रोल आणला आणि हात सैल सोडून वायर कापली. माल भरलेला असताना तीनदा तपासली. मग निमूट शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

ते घर गल्लीच्या टोकाला होतं. उघड्या खिडकीतून शिलाई मशीन दिसत होतं, वर चादर टाकून झाकलेलं. बाजूला कापलेल्या कपड्यांचा ढीग तसाच पडून होता. मामांनी कडी वाजवली आणि एक पाऊल मागे सरकले. आता दारासमोर वायरमन एकटाच होता.

बाईंनी डाव्या हातानं दार उघडलं. उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. त्यांनी आधी मागे उभ्या मामांना ओळखलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"त्यांच्याकडे नका बघू, बाई," वायरमन म्हणाला. "तुमचा हात माझ्यामुळे मोडला."