माझा गोलू एकाहत्तर

“माझा गोलू एकाहत्तर?” इस्पितळाच्या खरेदी विभागातल्या मॅडमनी ईमेलचा पत्ता मोठ्यानं वाचला, आणि मागच्या टेबलावरचे दोघे फिस्सकन हसले.

काटेवाल्यांनी मान खाली घातली. गोलू म्हणावं असं त्यांच्या अंगावर आता काही उरलं नव्हतं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. एकाहत्तर हे जन्मसाल तेवढं खरं.

“बायकोनं काढला होता मॅडम. कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची.”

“काका, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. सतरा वर्षं इथले काटे तुम्हीच सांभाळताय. पण साहेब नवीन आहेत. काटे दुरुस्तीच्या कंत्राटाचा हा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, तर विचारतील, हा धंदा आहे की घरातले लाड? चार वाजेपर्यंत नीट पत्ता आणा. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही.”

काटेवाले जवळजवळ पळतच निघाले. वजनकाटा बिघडला की लोक हल्ली दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. इस्पितळातल्या तान्ह्या बाळांचे काटे, औषधांचे काटे, एवढंच काय ते काम उरलं होतं. ते गेलं की दुकानाला कुलूप. आणि दुसरं काही करायला त्यांना येत नव्हतं, लहानपणापासून हात फक्त काट्यावर बसलेला.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताई काटेवाल्यांच्या दुकानात आल्या आणि दहा मिनिटांत नवा पत्ता तयार झाला. अचूक काटे सेवा.

“बघा, कसा भारदस्त वाटतोय!”

“आता जुना बंद करून टाका.”

“राहू द्या की काका. खायला मागतोय का तो?”

“नको. वडील सांगायचे, दोन मापं ठेवणारा चोर. बाद झालेल्या वजनावर मी लगेच छिन्नी मारतो, परत कुणी वापरायला नको. साहेबांना जुना पत्ता दिसला तर म्हणतील, या माणसाचं एक काही खरं नाही.”

“आतल्या मेल जातील हं.”

“दारावरची पाटी बदलली म्हणून घरात आलेली पत्रं जातात का? मिळालेलं ते मिळालं.”

ताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. “नक्की?” काटेवाल्यांनी ड्रॉवरच्या आत बायकोनं चिकटवलेला पासवर्ड वाचून दाखवला, आणि छिन्नी बसली.

सव्वातीनला ते पुन्हा मॅडमसमोर उभे होते.

“छान! आता कसं कामासारखं दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “आता फक्त सतरा वर्षांच्या अनुभवाचा पुरावा जोडायचा. आमच्या जुन्या मेल असतील ना तुमच्याकडे? त्या पुढे पाठवा, झालं.”

काटेवाल्यांनी विचारलं, “तुमच्याकडे नाहीत का?”

“आमची सगळी यंत्रणा बदलली हो. मागचं काहीच दिसत नाही.”

कागद तर बायकोनं कधीच ठेवले नव्हते. कागद उंदीर खातात, मेलला उंदीर लागत नाहीत, म्हणायची.

काटेवाले धावत दुकानात परतले, आणि ताईंनी परोपरीनं खटपट केली. जुना पत्ता परत मिळत होता, पण त्यासाठीचा ओटीपीचा आकडा बायकोच्या फोनवर जात होता, आणि तो नंबर बंद होऊन वर्ष झालं होतं. “काका, तिच्या मेल पण त्यातच होत्या?” ताईंनी हळूच विचारलं.

पासवर्ड चिकटवलेला ड्रॉवर काटेवाल्यांनी ढकलून बंद केला. त्याच इस्पितळात ती दोन महिने पडून होती. ग्रीसच्या हातांनी हे फोन उचलत नाहीत, म्हणून रोज दुपारी त्याच पत्त्यावर मेल करायची. जेवलास का? एवढंच. यांनी कधी उत्तर लिहिलं नाही. संध्याकाळी वॉर्डात जाऊन तोंडी सांगायचे. शेवटच्या मेलचं उत्तर तेवढं सांगायचं राहिलं.

चार वाजून गेले. मॅडमचा फोन आला. “काका, मला माफ करा. साहेबांनी काम दुसऱ्यांना दिलं.”

“तुमची काय चूक, मॅडम,” काटेवाले म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर दोन्ही हातांनी टेबल धरून बसले. ओरडावंसं वाटत होतं, पण ताई शेजारी होत्या.

ताई गेल्यावर त्यांना सकाळचा डबा दिसला. त्यांनी हात धुतले, डबा उघडला आणि घास उतरत नसतानाही तो पुरता संपवला. खोटं लिहायचं नव्हतं. मग कॉम्प्युटरसमोर बसून, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिचा शेवटचा प्रश्न जिथं आला होता त्या जुन्या पत्त्यावर त्यांनी लिहिलं, ‘जेवलो.’

क्षणात मेल परत आली. असा पत्ता अस्तित्वात नाही.

त्यांनी ती दोनदा वाचली. टेबलावर इस्पितळातला बाळांचा काटा अर्धवट उघडा पडला होता. उद्या परत द्यायचा होता. काटेवाल्यांनी चष्मा पुसला, बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि काटा शून्यावर आणायला बसले.