मशीनला नाव लागत नाही

ए, ऐक ना, आत्ता काय झालं ते सांगतो. मी एक कार्ड बोलतोय. पोस्टकार्डापेक्षा जरा लांबट, अंगभर भोकं. हसू नकोस. पन्नास वर्षांपूर्वी कॉम्प्युटरशी थेट बोलता यायचं नाही. मशीनला द्यायच्या सूचनांच्या एकेका ओळीसाठी एकेक कार्ड टोचायचं आणि अख्खा गठ्ठा मशीनच्या तोंडात द्यायचा.

आमचा गठ्ठा आठशे बारा जणांचा. सगळे बाईंनी टोचलेले. ऑफिसात त्या एकट्याच बाई, म्हणून सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. तोवर आमच्या मशीनला फक्त आकडे कळायचे. बाईंच्या गठ्ठ्यामुळे माणूस साध्या शब्दांत लिहायला लागला आणि मशीन स्वतःच त्याचे आकडे करून घ्यायला लागलं. हे होणं शक्य नाही, असं सगळे छातीठोक सांगत होते. दोन वर्षांत बाईंनी करून दाखवलं.

त्यात मी पहिला. पण गंमत म्हणजे मशीन मला वाचतच नाही. माझ्यासारखी कार्डं माणसांनी वाचायची, मशीन ती वगळून पुढे जातं. माझ्यावर नंबर एक, बाईंचं नाव आणि तारीख, बस्स.

मोठे साहेब म्हणाले, "हे काढा. मशीनला नाव लागत नाही."

"मशीनला तुमच्या दारावरची पाटीही लागत नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

झालं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी मी केराच्या टोपलीत आणि आठवड्याच्या आत बाई रेकॉर्ड रूममध्ये. बाईंनी मला उचललं, झटकलं आणि पर्समध्ये ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच, रुमाल आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी. गठ्ठा मात्र साहेबांच्या नावावर गाजला. पुस्तकांत, भाषणांत, सगळीकडे.

आज आमच्या संस्थेने तो गठ्ठा काचेच्या पेटीत मांडला. फीत कापायला बोलावलं कुणाला, तर बाईंना. का? 'साहेबांच्या जुन्या सहायक' म्हणून. खाली पितळी पाटी, पाटीवर साहेब एकटेच.

बाईंनी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग मला बाहेर काढलं आणि डायरेक्टरला म्हणाल्या, "पेटी उघडा. वरच्या कार्डाचा नंबर बघा."

नंबर दोन होता. बाईंनी मला त्यावर ठेवलं. नंबर एक.

डायरेक्टर तरुण, बोलायला एकदम गोड. "बाई, साहेब आता हयात नाहीत. वाद कशाला?"

"मी आहे ना हयात."

"पुढच्या महिन्यात 'सहकार्य' म्हणून तुमचं नाव घालतो की."

"सहकार्य? यातलं एक तरी कार्ड साहेबांनी टोचलेलं दाखवा. लगेच कापते फीत."

बाईंची भाची कानाशी लागली, "मावशी, चल ना, सगळे बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंय त्यांना."

कात्री तबकात परत ठेवून बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. पाटी उतरली की उठेन, म्हणाल्या. पाऊण तास झाला. पाहुण्यांचा दुसरा चहा झाला. डायरेक्टर कोपऱ्यात जाऊन कुणाकुणाला फोन लावतोय. मला पेटीतून काढायला एकजण आला होता, बाईंनी नुसतं बघितलं, तो परत गेला.

मीही हलणार नाही. मशीन मला वगळतं ते ठीक, त्याला कळत नाही. ही तर लिहिता-वाचता येणारी माणसं आहेत.

भाची म्हणते, एवढीशी फीत, कापून टाकायची होती. तू सांग. हॉल भरलेला, कात्री तुझ्या हातात, समोर ती पाटी. तू काय केलं असतंस?