चराच्या तोंडाशी लावलेलं जाळं

पुराचं पाणी काठ ओलांडून चरातून तळ्यात शिरलं, की चढणीचे मासे त्याच वाटेनं अंडी घालायला येतात. त्या पंधरा दिवसांत चराला जाळं लावायचं नाही, हा नियम राखणदारकाकांनीच केलेला. तळं ओस पडायला लागलं तेव्हा कुणाच्या पाया पडून, कुणाला शिव्या घालून त्यांनी तो घरोघरी गळी उतरवला होता. मोडेल त्याची होडी वर्षभर तळ्यात नाही.

आणि मोडला त्यांनीच.

भर दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर. काकांचं पोट भरलेलं होतं, हात मात्र उपाशी होते. चरात मासे एकमेकांवर चढत होते. वहिनींनी दुरुस्तीला दिलेलं जाळं खांद्यावरच होतं, ते त्यांनी टाकलं. एकाच खेपेत अकरा माद्या. एवढ्यात बांधावर कुणीतरी खाकरलं. मासे पोत्यात कोंबून, जाळं तिथंच सोडून काका पळाले. पासष्टीचा माणूस, भुरट्या चोरासारखा.

तिसऱ्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या खोलीत ते जाळं टेबलावर पसरलेलं होतं.

"गाठी डावखुऱ्या आहेत," नाववाला म्हणाला. अशा गाठी घालणारा अख्ख्या काठावर एकच माणूस होऊन गेला, काकांचा थोरला भाऊ. त्याची जाळी आता त्याच्या बायकोकडे, वहिनींकडे.

"वा! दीर पहारा देतो आणि भावजय डल्ला मारते!" मागून कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, काय म्हणणं आहे?"

वहिनींनी एकदाच काकांकडे पाहिलं. "जाळं माझंच आहे," एवढंच म्हणाल्या.

अध्यक्षांनी वर्षाची बंदी कागदावर लिहिली, अंगठ्यासाठी शाईचा डबा वहिनींपुढे सरकवला, तेव्हा कुठं काका बोलले. "थांबा. मी लावलं होतं."

नाववाला हसला. "काका, वहिनींवर तुमची माया आहे, ठाऊक आहे. पण म्हणून त्यांचं पाप आपल्या अंगावर घेता?"

"देवमाणूस!" अध्यक्षांचे डोळे पाणावले. "यांना धड खोटंसुद्धा बोलता येत नाही."

काकांना वाटलं, यापेक्षा कुणी जोड्यानं मारलं असतं तर बरं. "फावडं घ्या," ते म्हणाले, "आणि माझ्या परसात चला."

न्हाणीघरामागची माती त्यांनी स्वतः उकरली. मासे खायची हिंमत झाली नव्हती, सोडून द्यावेत तर त्यांच्यात जीव उरला नव्हता. अकराच्या अकरा निघाल्या. पोटं फुटून अंड्यांची गाबोळी मातीत कालवली गेली होती. नाववाल्यानं नाकाला पंचा लावला आणि तोंड फिरवलं.

शिव्या येतील म्हणून काका मान खाली घालून उभे राहिले. पण एकेक जण नुसता खड्ड्यात डोकावून निघून गेला. अध्यक्षांनी बरोबर आणलेल्या कागदावरचं नाव खोडून दुसरं लिहिलं आणि अंगठा घ्यायला वहिनींऐवजी काकांचा हात धरला.

"वहिनी, तुम्ही तिथं बोलला का नाहीत?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, भावोजी," त्या म्हणाल्या. "फार वेळ लावलात."

टेबलावरून उचलून आणलेलं जाळं काखोटीला मारून त्या निघाल्या. राहिलेली दुरुस्ती त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली.