वळणावरची लाल-हिरवी फळी

मी एक फळी बोलतेय. दीड हात लांब, वीतभर रुंद, एका टोकाला दांडा ठोकलेला. एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला हिरवी. दोन तोंडांच्या माणसांना लोक नावं ठेवतात. माझी दोन्ही तोंडं मात्र आयुष्यभर खरंच बोलली, म्हणून आज ताठ मानेनं तुमच्यापुढे बोलायला बसले आहे.

मुळात मी सेवेरो नावाच्या ड्रायव्हरच्या ट्रकची. सुतारानं मला ट्रकच्या बाजूच्या कठड्यात ठोकलं, तेव्हा रंगाऱ्यानं त्या कठड्यावर एक मोठा पोपट काढला. वरच्या फळ्यांना डोळा मिळाला, चोच मिळाली, पंख मिळाले. माझ्या वाट्याला शेपूट आली. तक्रार कुणाकडे करणार? निळी-पिवळी शेपूट मिरवत मी ला पास शहराकडून खाली उतरणाऱ्या युंगासच्या डोंगररस्त्यावर फिरू लागले.

ट्रक नवा होता तेव्हा त्याला कागदी फुलांच्या माळा घातल्या होत्या, चाकांवर बिअर ओतली होती, फटाके वाजवले होते. धरणीमाईला तिचा घोट आधी द्यायचा आणि मग आपण प्यायचं, ही आमच्याकडची रीत. सेवेरो धरणीमाईला पोटभर पाजायचा, पण गाडी चालवायची असेल तेव्हा स्वतः ओठ ओले करायचा नाही. त्याची बायको झेनोबिया केळीच्या घडांवर बसून, मला पाठ टेकून प्रवास करायची. मांडीवर लुर्देस नावाची चिमुरडी. ती नखानं माझ्या शेपटीचा रंग खरवडत बसायची आणि आईचे धपाटे खायची.

आमचा रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. देशभर गाड्या उजवीकडून धावतात, आमच्या या एका रस्त्यावर मात्र डावीकडून. त्याला कारण आहे. उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला दरी असते आणि गाडीचं स्टिअरिंगही डावीकडेच. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की आपलं चाक आणि रस्त्याची कड दोन्ही दिसतात. चढणारी भरलेली गाडी डोंगराला चिकटून येते. उतरणाऱ्यानं तिला वाट द्यायची. हा नियम इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

लुर्देस मोठी होईपर्यंत सेवेरोनं तो नियम पाळला आणि शेवटी त्यातच तो गेला. उतरताना वळणावर अचानक समोर गाडी आली. तो कडेला सरला. पावसानं ती कड आतून पोखरली होती. चूक कुणाची म्हणाल, तर कुणाचीच नाही. समोरची गाडी त्याला वेळेवर दिसली असती तर तो वरच्या रुंद जागी थांबला असता. एवढंच.

मी दरीत अर्ध्या वाटेवर एका झुडपात अडकले. दोर लावून उतरलेल्या माणसांनी सेवेरोला वर आणलं आणि मागाहून कुणीतरी मलाही. त्याची काही तरी खूण घरात असू दे, म्हणाले. झेनोबियानं मला चुलीमागे उभं केलं. बरेच दिवस तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता आपलं सरपण होणार.

एका सकाळी तिनं करवत घेतली, मला कापलं, दांडा ठोकला आणि रंगवलं. लाल रंग भरपूर होता, हिरवा पुरला नाही. त्यामुळे हिरव्याखालून माझी शेपूट जराशी डोकावायची. मग झेनोबिया मला घेऊन त्याच वळणावर गेली. तिथं नाकासारखा पुढे आलेला एक खडक आहे. त्यावर उभं राहिलं की वरचा रस्ताही दिसतो आणि खालचाही. खालून गाडी येत असली की वरच्याला लाल तोंड. रस्ता मोकळा असला की हिरवं. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं.

सुरुवातीला उस्ताद लोक, म्हणजे आमच्याकडचे ड्रायव्हर, दात काढायचे.

"काय मावशी, चेंडू कुठंय? नुसतीच फळी घेऊन निघालात खेळायला?"

फर्मिन उस्ताद तर खवचटच. केळीचा ट्रक घेऊन रोजचा येणारा. तो म्हणायचा, "मावशी, अहो मी ज्या रस्त्यावर पिकलो, तिथं मला लाल दाखवता?"

"पिकलेलंच आधी गळून पडतं, फर्मिन," झेनोबिया म्हणायची. "थांब मुकाट्यानं."

हळूहळू तेच उस्ताद जाता जाता पाव देऊ लागले, संत्री देऊ लागले. पण माणसांची एक खोड मला तिथं उभ्या उभ्या कळली. हिरव्या तोंडाकडे कुणी बघत नाही आणि लाल तोंडाला सगळे शिव्या देतात. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे समजतच नाही. त्याला वाटतं, या बाईनं आपला खोळंबा केला.

लुर्देस तोवर मोठी झाली होती, ला पासला नर्सिंग शिकत होती. घरी आली की मायलेकींची जुंपायची.

"अगं, धुळीनं खोकून खोकून मरशील तिथं. नाहीतर कुठली तरी गाडी उडवेल तुला. बाबा गेले ते गेले, आता तू पण त्याच जागी जाणार का?"

"मी उभी नाही राहिले तर कोण राहणार?"

"वळण काय तुझ्या माहेरचं आहे?"

यावर झेनोबिया फडकं उचलायची. ती मला पुसत बसायची.

आमच्याकडे सर्वपितरांच्या सणाला मेलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, पावाच्या बाहुल्या भाजायच्या, आवडीचं रांधायचं. नव्यानं गेलेल्याला तीन वर्षं असं बोलवायचं आणि तिसऱ्या वर्षी नीट निरोप द्यायचा. सेवेरोचं ते तिसरं वर्ष होतं. लुर्देसनं आधीच बजावलं होतं. "या वेळी बाबांना निरोप दे आणि त्या फळीलाही. बाहुल्या भाजायच्या त्याच भट्टीत घाल तिला. मग तू माझ्याकडे राहायला ये."

झेनोबिया म्हणाली, "बरं. दिला शब्द."

मी लाकूड आहे. भट्टीचं नाव काढलं की माझ्या अंगावर काय आलं असेल, तुम्हीच समजा.

सणाच्या आदल्या दिवशी लुर्देस बसनं यायची होती. बाहुल्यांना चिकटवायचे मातीचे छोटे मुखवटे ती शहरातून आणणार होती. झेनोबियानं कणीक मळून झाकून ठेवली आणि ती फुगेपर्यंत मला घेऊन वळणावर आली. सणामुळे गाड्यांची रीघ लागली होती. त्यात दुपारीच धुकं उतरलं.

खालून फर्मिनचा ट्रक कण्हत चढत असल्याचा आवाज आला. तेवढ्यात वरून बसचा हॉर्न वाजला. झेनोबियानं माझं लाल तोंड वर केलं.

धुक्यातून बस बाहेर आली. बस उजवीकडून येत होती, डोंगराला चिकटून. फर्मिनही त्याच बाजूनं चढत होता. सणासाठी बसवाल्यांना उस्ताद कमी पडले होते आणि त्यांनी सपाट मुलखातून निल्सन नावाचा एक नवा माणूस आणला होता. आमचा डावा नियम त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलाच नव्हता. डोंगराच्या बाजूनं गेलं की सुखरूप, असं त्याला वाटत होतं.

झेनोबियानं मला दोन्ही हातांनी जोरजोरात हलवलं. निल्सननं आम्हाला पाहिलं, नाही असं नाही. पण सणाच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर माणसं उभी असतात. तुमच्या पितरांसाठी प्रार्थना म्हणतो, पाव द्या, असं म्हणतात. त्याला वाटलं, ही म्हातारी त्यातलीच, फळीचं ताट करून पाव मागतेय. त्यानं शेजारच्या पिशवीतून पावाची एक बाहुली काढली, आमच्या दिशेनं फेकली आणि हसून म्हणाला, "माझ्या आजीसाठी दोन शब्द म्हणा हं, मावशी!"

आणि बस पुढे निघाली.

झेनोबिया खडकावरून उडी मारून उतरली आणि बसच्या पत्र्यावर मला आपटू लागली. धाड! धाड! अशी मी कधी आपटले गेले नव्हते. आतले लोक तिच्यावरच ओरडू लागले. तेवढ्यात एका काचेमागे लुर्देसचं तोंड दिसलं. तिनं आधी मला पाहिलं आणि मग आईला. लाल तोंड म्हणजे काय, हे त्या बसमध्ये तिच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"उस्ताद, ब्रेक! ब्रेक मारा! खालून गाडी येतेय!"

ब्रेक किंचाळले. धुक्यातून फर्मिनच्या ट्रकचं नाक बाहेर आलं आणि बसच्या नाकापुढे येऊन थांबलं. मध्ये एखादी कोंबडी उभी राहू शकली असती, बकरी नाही.

दोन्ही इंजिनं बंद झाली. मग फर्मिनचा आवाज आला, "अरे कोणत्या गाढवानं तुला डोंगराकडून यायला सांगितलं?"

निल्सन खाली उतरला आणि रस्त्यावरच बसला. "मला वाटलं त्या पाव मागतायत," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "खरंच सांगतो, मला वाटलं पाव मागतायत."

फर्मिनचा भरलेला ट्रक मागं जाणं शक्य नव्हतं. बसलाच उलटं वर जायला हवं होतं, त्या रुंद जागेपर्यंत. उतारूंना उतरवलं. कड कुठं पक्की आणि कुठं पोकळ, हे झेनोबियाला तोंडपाठ होतं. पण वरून आणखी गाड्या येत होत्या. त्यांना कोण थांबवणार?

झेनोबियानं मला लुर्देसच्या हातात दिलं. "वरच्या वळणावर जा. लाल तोंड वर. मी सांगेपर्यंत खाली करायचं नाही."

मग ती निल्सनकडे वळली. "ऊठ, बाळा. डोकं खिडकीबाहेर काढ. आपल्या चाकाकडे बघ आणि माझ्या हाताकडे बघ. दरीकडे बघू नकोस, ती कुठं जात नाही."

लुर्देस मला घेऊन धावली. वळणावर पोचताच तिनं मला डोक्यावर धरलं. धुक्यातून एक लॉरी आली.

"ए पोरी, बाजूला हो! सणाला घरी पोचायचंय आम्हाला!" उस्ताद ओरडला.

"तेवढ्यासाठीच थांबवलंय," लुर्देस म्हणाली. "थांबा मुकाट्यानं."

त्यानं तिला अशी शिवी दिली की मी ती इथं सांगणार नाही. पण लॉरी थांबली. लुर्देस हसत होती आणि रडतही होती. आई इतके दिवस काय ऐकत उभी होती, हे तिला तेव्हा कळलं.

खाली बस इंचाइंचानं मागं सरकली. सेवेरो जिथून गेला त्या जागेवरून बसचं चाक गेलं तेव्हा झेनोबियाचा हात वर होता आणि जराही हलत नव्हता. बस रुंद जागी पोचली. फर्मिन ट्रक घेऊन वर गेला. जाताना त्यानं टोपी काढली. खवचटपणा करायला तो विसरला नसावा, त्या दिवशी त्यानं तो केला नाही एवढंच.

मग लुर्देसनं माझं हिरवं तोंड वर केलं. उतारू एकमेकांना मिठ्या मारत होते, कुणी हसत होतं, एक बाई कोंबडीचे मुके घेत होती. निल्सननं झेनोबियाचे हात धरले आणि सोडेचना.

"अरे सोड, माझी कणीक उतू जाईल," ती म्हणाली. मग चिखलात पडलेली पावाची बाहुली तिनं उचलली, पदरासारख्या ओढलेल्या शालीनं पुसली. "तुझ्या आजीचं नाव काय? आमच्या टेबलावर तिचीही सोय करते."

संध्याकाळी भट्टी पेटली. बाहुल्यांना मुखवटे चिकटवले. सेवेरोच्या बाहुलीला मिशीवाला मुखवटा होता. झेनोबियानं मला हातात घेतलं आणि भट्टीपुढे उभी राहिली. दिला शब्द मोडणारी बाई नव्हे ती. आगीची धग माझ्या लाल तोंडाला लागली. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. ते वरच्या फळीला मिळाले होते.

"आई, थांब," लुर्देस म्हणाली. "तिला जाळलंस तर बाहुल्या भट्टीत कशावर सरकवायच्या?"

"तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आता नको म्हणतेय." तिनं मला आईच्या हातातून काढून घेतलं आणि हिरवी बाजू वर करून टेबलावर ठेवलं. "आणि सण झाल्यावर जाताना माझा रेनकोट ठेवून जाते. तिथं धुक्यात ओली होतेस तू."

झेनोबियानं मिशीवाल्या सेवेरोला अलगद माझ्यावर ठेवलं.

नवा रस्ता होईपर्यंत झेनोबिया त्या वळणावर उभी राहिली, लुर्देसच्या रेनकोटात. आता गाड्या पलीकडच्या रुंद रस्त्यानं जातात, उजवीकडून, शहाण्यासारख्या. ज्या दिवशी जुन्या रस्त्यावर दिवसभर एकही बस आली नाही, त्या दिवशी झेनोबियानं मला घरी आणलं, दार लावलं आणि भर दुपारी गाढ झोपली. मला आठवतं तसं, त्या आधी ती दुपारची कधी झोपलीच नव्हती.

माझं हिरवं तोंड आता पार झिजलंय. पोपटाची शेपूट पुन्हा दिसू लागली आहे. दर सणाला तिच्यावर बसून बाहुल्या भट्टीत जातात आणि फुगून बाहेर येतात. मला निवांत वाटतं. माझ्यावर आता कुणाचाही जीव अवलंबून नाही, फक्त पाव.

तुम्हाला एकच सांगते. रस्त्यात कुणी हात वर करून उभं दिसलं, तर ते काही मागतच असेल असं समजू नका. गाडी थांबवा. कदाचित ते तुम्हाला काही देत असेल.

लुर्देस आज संध्याकाळच्या बसनं येते आहे. झेनोबिया दारात उभी आहे, रिकाम्या हातांनी.